‘काल तर चालत होतं’: लॉक फाइल उडवण्याआधी एवढं बघा

जुलैतला सोमवार. रात्रभर कोसळत होता, कुर्ला-सायनला रुळांवर पाणी, निम्मी टीम घरी. मी घाटकोपरच्या फलाटावर इंडिकेटरकडे बघत उभा होतो, तेवढ्यात टीममधल्या नव्या मुलीचा मेसेज आला.

“दादा, प्रोजेक्ट इन्स्टॉलच होत नाहीये. शुक्रवारी जुन्या लॅपटॉपवर चालत होता. नोड मॉड्यूल्स उडवलं, लॉक फाइल पण उडवली, तरी नाही.”

खाली मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो. तिरका, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि लाल अक्षरं अर्धी कापलेली.

हा मेसेज मला वर्षातून दहा-बारा वेळा येतो. पाठवणारा बदलतो, “उडवलं, तरी नाही” हे तसंच राहतं. प्रत्येक वेळी मी तेच टाइप करतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. उदाहरण एनपीएमचं (जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टला लागणारी तयार पॅकेजेस उतरवणारा प्रोग्रॅम) घेतलंय कारण आमचं काम त्यावर चालतं. पिप हे काम पायथनसाठी करतो, त्या पिपवाल्यांसाठी पुढे थोडं आहे.

‘उडवून बघ’ या औषधाबद्दल

नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे उतरवलेल्या पॅकेजेसचा, फोल्डर खुशाल उडवा. तो परत भरता येतो, त्यात तुमचं स्वतःचं काही नसतं. लॉक फाइलचं मात्र तसं नाही, आणि लोक दोन्ही एका दमात उडवतात.

वाण्याकडे यादी दिली की त्यात असतं, ‘तूरडाळ १ किलो, बरी बघून’. पॅकेज जेसन म्हणजे ही यादी. वाणी जे बिल देतो त्यात असतं कुठली डाळ, कुठल्या भावाची, किती वजनाची. लॉक फाइल म्हणजे ते बिल. बिल फाडून त्याच यादीवर पुन्हा सामान मागवलं, तर गेल्या महिन्याचीच डाळ येईल याची खात्री कोणी द्यायची?

यादीत आकड्याआधी जी टोपी (^) असते ती म्हणजे हे ‘बरी बघून’. टोपी १.४.२ म्हणजे १.४.२ पासून २.०.० च्या अलीकडचं काहीही. आकडा शून्याने सुरू होत असेल तर टोपी आखडते: ०.४.२ ला टोपी घातली तर ०.५.० च्या आतलंच चालतं. हे अनेकांना माहीत नसतं आणि मग “अपडेट का येत नाही” म्हणून अर्धा दिवस जातो.

आमच्या यादीत नावं आहेत ३४. फोल्डरमध्ये उतरतात हजाराच्या वर, कारण प्रत्येक पॅकेज आपली वेगळी यादी घेऊन येतं. लॉक फाइल उडवली की त्या हजारांतल्या कितींचे आकडे सरकतील हे तुम्ही ठरवत नाही. त्या दिवशी सकाळपर्यंत रजिस्ट्रीवर, म्हणजे पॅकेजेसच्या ऑनलाइन कोठारात, कोणी काय चढवलं, त्यावर ते ठरतं. म्हणून हे औषध कधी लागू पडतं, कधी नवाच आजार देतं. लागू पडलं तरी नेमकं काय बरं झालं ते कळत नाही, आणि तीन आठवड्यांनी तेच दुखणं दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर उगवतं.

पहिला एरर कुठला होता?

मी तिला विचारलं, “हा फोटो लॉक फाइल उडवल्यानंतरचा ना? त्याआधी काय येत होतं?”

“काहीतरी दुसरंच होतं. पायथनचं वगैरे. मला वाटलं ते गेलं.”

ते गेलं नव्हतं. एनपीएम त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच थांबत होता. फोटोत ‘ईरिझॉल्व्ह’ होता, म्हणजे दोन पॅकेजेसच्या मागण्या जुळत नाहीत ही तक्रार. हा एरर वाचायला सोपा असतो, फक्त लोक शेवटची ओळ वाचतात आणि शेवटच्या ओळीत ‘पूर्ण लॉग अमुक फाइलमध्ये आहे’ एवढंच असतं. बघायच्या जागा दोन. ‘फाउंड’ म्हणजे तुमच्याकडे आधीच काय आहे, आणि ‘पिअर’ म्हणजे नव्याने आलेल्याला काय हवंय. आमच्याकडे फाउंडपुढे होतं रिॲक्ट (स्क्रीन बांधायची लायब्ररी) १७.०.२. पिअरपुढे रिॲक्ट टोपी १८.०.०, आणि ही अट होती आलेख काढायच्या एका पॅकेजची, व्हर्जन २.९.०.

गिटमधली (कोडच्या जुन्या प्रती सांभाळणारं साधन) लॉक फाइल उघडून बघितली तर तिथे तेच पॅकेज २.३.१ होतं आणि त्याला रिॲक्ट १७ चालत होतं. मधल्या काळात त्याच्या लेखकाने किरकोळ म्हणवणाऱ्या व्हर्जनमध्ये रिॲक्टची अट वाढवली. असं करू नये, पण लोक करतात. आमच्या यादीत टोपी होती, बिल फाडलेलं होतं, त्यामुळे एनपीएमने सगळ्यात नवं उचललं. ते जमत नाही म्हणून तो मागे जाऊन जुनं चालतंय का हे बघत बसत नाही, सरळ हात वर करतो.

म्हणजे हा एरर प्रोजेक्टमध्ये नव्हताच. तो तिने नऊ वाजता तयार केला होता. गिट रिस्टोअर करून लॉक फाइल परत आणायला सांगितली, नोड मॉड्यूल्स उडवून ‘एनपीएम सीआय’ चालवायला सांगितलं, आणि ईरिझॉल्व्ह गायब. खालून मूळचा पायथनवाला एरर वर आला.

इथे इन्स्टॉल आणि सीआय यांतला फरक सांगतो, कारण दोन-तीन वर्षं काम केलेल्यांनाही तो ठाऊक नसतो. ‘एनपीएम इन्स्टॉल’ यादी बघतो, बिल बघतो, दोन्ही जुळत नसतील तर बिल बदलून मोकळा होतो. ‘एनपीएम सीआय’ बिलाबाहेर एक दाणा आणत नाही. जुळत नसेल तर थांबतो, आणि सुरुवातीलाच नोड मॉड्यूल्स स्वतः साफ करतो. ही कमांड २०१८ पासून आहे. नवा लॅपटॉप, नवी ब्रँच, सर्व्हरवरचा बिल्ड, सगळीकडे सीआय. इन्स्टॉल फक्त पॅकेज मुद्दाम घालताना किंवा बदलताना.

जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टात पायथन कुठून आला

वर आलेला एरर दीडशे ओळींचा होता. बहुतेक ओळींच्या सुरुवातीला ‘जिप’. यातही शेवट बघू नका, वरून खाली या आणि पहिली ‘एरर’वाली ओळ पकडा. आमची होती: डिसयुटिल्स नावाचं मॉड्यूल सापडत नाही.

बिचारीने आयुष्यात पायथन लिहिला नव्हता. झालं असं: काही पॅकेजेसच्या आत सी प्लस प्लसचा कोड असतो. तुमच्या नोडसाठी (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आधीच बांधलेली फाइल मिळाली तर ती उतरते आणि तुम्हाला काही कळतही नाही. नाही मिळाली तर ती तुमच्या मशीनवर बांधायला घेतात. बांधणारा मुकादम म्हणजे नोड-जिप, आणि तो पायथनमध्ये बोलतो. आमचं पॅकेज होतं नोड-सॅसचं (पानाच्या स्टाइल तयार करणारं) ६ वं व्हर्जन. त्याची तयार फाइल नोड १६ साठी आहे, २० साठी नाही. नव्या लॅपटॉपवर नोड २० होता आणि पायथन ३.१२. डिसयुटिल्स पायथन ३.१२ मधून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, काढून टाकलंय. जुना नोड-जिप तेच मागत बसला.

शोधलं की पहिलं उत्तर मिळतं, ‘सेटअपटूल्स टाका’. टाकलं की डिसयुटिल्स सापडतं, ही ओळ जाते. आणि पुढची भिंत येते, कारण विंडोजवर सी प्लस प्लसचा कंपायलर नसतो. तो दोन-चार जीबीचा डोंगर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवला तरी नोड २० ची हेडर फाइल त्या जुन्या कोडला पटत नाही. मी एकेकाळी या रस्त्याने रात्री दोनपर्यंत चाललोय, म्हणून सांगतो: मशीनवर बांधायला सुरुवात झाली हीच खूण आहे की नोडचा आकडा चुकलाय. बांधकाम यशस्वी करण्याच्या मागे लागू नका.

एनव्हीएमने (नोडची व्हर्जनं बदलायचं साधन) नोड १६ वर आणलं, सीआय मारलं, सव्वाबाराला प्रोजेक्ट उभा राहिला. तोवर माझी लोकल विद्याविहारला पोचली होती.

मग एक चिल्लर काम, जे प्रोजेक्ट सुरू करतानाच व्हायला हवं होतं. मुळाशी एनव्हीएमआरसी फाइल ठेवली, त्यात फक्त १६. पॅकेज जेसनमध्ये इंजिन्सखाली तोच आकडा. नुसतं इंजिन्स लिहून एनपीएम फक्त कुरकुरतो, अडवत नाही. अडवायला एनपीएमआरसी फाइलमध्ये इंजिन-स्ट्रिक्ट चालू करावं लागतं. आणि रिपॉझिटरीत यार्नची (एनपीएमसारखाच दुसरा प्रोग्रॅम) लॉक फाइल पडलेली होती ती काढली. पूर्वी कोणीतरी यार्न वापरून बघितलं असणार. दोन बिलं असली की अर्धे लोक एकावरून सामान आणतात, अर्धे दुसऱ्यावरून, आणि दोघंही खरं बोलत असतात.

कायमचा इलाज करायला गेलो तेव्हा

नोड १६ चा आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपलाय. त्यावर कायम बसून राहणं बरं नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात पाऊस ओसरल्यावर २० वर जायचं ठरलं. नोड-सॅस काढून डार्ट भाषेत लिहिलेलं साधं ‘सॅस’ पॅकेज घातलं. त्यात बांधकाम काही नाही, पायथनचा प्रश्नच मिटला. भागाकाराच्या तिरक्या रेघेबद्दल ते खूप इशारे देतं, ते सवडीने.

इन्स्टॉल सुरळीत. प्रोजेक्ट सुरू करताना नवा धक्का: ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड’. हा दिसायला भयंकर, पण याचं कारण एकच. नोड १७ पासून ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३ आलं, त्याने एमडी४ ही जुनी हॅश पद्धत बंद केली, आणि वेबपॅक (प्रोजेक्टच्या फाइल एकत्र बांधणारं साधन) ४ ती वापरतो. नेटवर सगळीकडे ‘ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडर’चा स्विच सुचवतात. संध्याकाळी डेमो असेल तर लावा, मीही लावलाय. पण जुनी, कमजोर म्हणून बंद केलेली गोष्ट आपण परत उघडतोय याची आठवण ठेवा आणि वेबपॅक ५ वर जायचं तिकीट (कामाची नोंद) त्याच दिवशी काढा. आम्ही गेलो. दोन दिवस गेले.

याच झटक्यात रिॲक्ट १८ पण करून टाकू म्हटलं. (एका वेळी एकच गोष्ट बदलावी असं मी सगळ्यांना सांगत असतो.) तर तारीख निवडायच्या एका जुन्या पॅकेजने रिॲक्ट १७ च्या पुढे यायला नकार दिला. पुन्हा ईरिझॉल्व्ह, या वेळी खराखुरा. कोण कोणामुळे आलंय हे बघायला ‘एनपीएम एक्स्प्लेन’ आणि पुढे पॅकेजचं नाव. सगळी साखळी समोर येते. आमच्याकडे साखळी वगैरे नव्हती, आपणच घातलेलं पॅकेज होतं, आणि त्याचा लेखक ते सोडून गेलेला.

मुलीने परस्पर मार्ग काढला. ‘लेगसी पिअर डेप्स’ लावून इन्स्टॉल केलं, तिच्याकडे मस्त चाललं, लॉक फाइल कमिट केली. पावणेपाचला सर्व्हरवरचा बिल्ड पडला. ईरिझॉल्व्ह.

“दादा, माझ्याकडे चालतंय बघ ना. स्क्रीन शेअर करू?”

चालणारच. एनपीएम ७ च्या आधी, म्हणजे २०२० पर्यंत, पिअरच्या अटी मोडल्या तरी नुसता इशारा यायचा. ७ पासून एनपीएम त्या अटी मनावर घेतो. हा स्विच म्हणजे ‘जुन्यासारखं दुर्लक्ष कर’. तिने तो टर्मिनलमध्ये हाताने दिला होता. सर्व्हरला कोण सांगणार? ज्या स्विचने लॉक फाइल बनली तोच स्विच सीआयलाही द्यावा लागतो. द्यायचाच असेल तर प्रोजेक्टच्या एनपीएमआरसीत एका ओळीत लिहा आणि कमिट करा, म्हणजे सगळ्यांची गाडी एकाच रुळावर.

माझं मत विचाराल तर हा स्विच अख्ख्या घराचा फ्यूज काढण्यासारखा आहे. एका पॅकेजची अट मोडायची म्हणून सगळ्यांच्या अटी बघणं बंद. एकाच पॅकेजपुरतं करायचं असेल तर पॅकेज जेसनमध्ये ‘ओव्हरराइड्स’ आहे, एनपीएम ८.३ पासून. तिथे नाव घेऊन लिहिता येतं की या पॅकेजला आपलंच रिॲक्ट दे. ते लिहिलेलं दिसतं, पुढच्या माणसाला विचारता येतं की हे का. ‘फोर्स’ मात्र कोणी सुचवला तर हात जोडून नको म्हणा.

ओव्हरराइड्स घातल्यावर बिल्ड पुढे सरकला आणि एका आयातीवर अडकला: फाइल सापडत नाही. तिच्या विंडोजवर मोठा एस नि छोटा एस एकच. सर्व्हर लिनक्सचा, त्याला दोन वेगळ्या फाइल. हे पॅकेजचं दुखणं नाही, पण ‘मॉड्यूल सापडत नाही’ हीच पाटी घेऊन येतं. म्हणून अशा वेळी आधी बघायचं, न सापडलेलं नाव टिंबाने सुरू होतंय का. टिंब असेल तर तुमचीच फाइल, पॅकेज मॅनेजरला शिव्या देऊ नका.

बाकी किरकोळ, पण नेहमीचे

४०४ आला आणि पॅकेज कंपनीचं खाजगी असेल तर ते हरवलेलं नसतं. लॉगिन नसलं की रजिस्ट्री ‘परवानगी नाही’ म्हणत नाही, ‘असं काही नाहीच’ म्हणते. टोकन संपलंय का बघा. सार्वजनिक पॅकेज खरोखरच गायब होणं आता दुर्मीळ. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड पडले, त्यानंतर एनपीएमने नियम आवळले. आज ७२ तास उलटल्यावर पॅकेज सहजी मागे घेता येत नाही.

पावसाळ्यात हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांना ‘टाइम आउट’ आणि ‘कनेक्शन रिसेट’ येतात. ते नेटचेच असतात, उगाच लॉक फाइलला हात लावू नका. ‘ईइंटिग्रिटी’ म्हणजे उतरलेला माल आणि बिलावरची खूण जुळत नाही. ‘एनपीएम कॅशे व्हेरिफाय’ चालवून पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा पुन्हा त्याच पॅकेजवर आला तर मात्र थांबा आणि कोणाला तरी दाखवा, कारण ती खूण बदललेला माल पकडण्यासाठीच आहे.

ऑफिसच्या नेटवर ‘सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट’ची तक्रार आली तर मधे कंपनीचा प्रॉक्सी बसलेला असतो. एका क्लायंटकडे मला सांगितलं, “स्ट्रिक्ट एसएसएल बंद करा, सगळे तेच करतात.” करू नका. आयटीवाल्यांकडून त्यांची सर्टिफिकेट फाइल मागा आणि एनपीएमला ‘सीए-फाइल’मध्ये तिचा पत्ता द्या. मागून मिळायला चार दिवस लागतात, पण मिळते.

पिपवाल्यांसाठी

शेजारच्या डेटा टीमची रड वेगळ्या सुरात, पण तीच. निम्म्या तक्रारी एवढ्यात संपतात: पिप एका पायथनचा, प्रोग्रॅम चालतोय दुसऱ्यावर. नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ म्हणण्याऐवजी ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल’ म्हणा, म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात सामान पडतं. उबुंटूच्या नव्या मशीनवर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ म्हणून अडवलं तर तो एरर नाही, उपकार आहे. सिस्टमच्या पायथनला हात लावू नका, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करा. त्याच संदेशात ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ नावाचा स्विच सुचवलेला असतो. नावातच सगळं आलं.

पिप एनपीएमसारखा लगेच हात वर करत नाही. २०.३ पासून तो जुळणारी जोडी शोधत मागे मागे जातो, एकाच पॅकेजची दहा-दहा व्हर्जनं उतरवतो, आणि लोकांना वाटतं अडकला. असं दिसलं की थांबवा, आणि ज्या पॅकेजवर तो घुटमळतोय त्याची खालची मर्यादा स्वतः लिहा. जून २०२४ मध्ये नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) २.० आल्यावर जुन्या १ वर बांधलेली पॅकेजेस आयात करतानाच पडायला लागली. इन्स्टॉल बिनबोभाट होतं, चालवताना पडतं. तिथे नमपाय २ च्या खाली अडवून ठेवणं हा त्या दिवसापुरता इलाज, ‘पिप चेक’ने बाकीची भांडणं दिसतात.

आणि नावं. कोडमध्ये सीव्ही२ लिहितात, इन्स्टॉल करायचं ओपनसीव्ही-पायथन. पीआयएल लिहितात, इन्स्टॉल करायचं पिलो. आयात केलेलं नाव तसंच्या तसं पिपला देऊन बघू नका. मिळतंजुळतं नाव घेऊन टपून बसलेले असतात, आणि हल्ली एआयने सुचवलेलं पॅकेज अस्तित्वातच नसतं किंवा कोणीतरी मुद्दाम त्या नावाने टाकलेलं असतं. पान उघडून रिपॉझिटरी, शेवटची तारीख, लेखक बघायला एक मिनिट लागतो.

मला पाठवताना

फोटो नको. मजकूर पाठवा, मला त्यात शोधायचं असतं. नोडचं आणि एनपीएमचं व्हर्जन, विंडोज की मॅक की लिनक्स, कुठली कमांड दिली ती जशीच्या तशी, आणि काहीही उडवण्याआधीचा पहिला एरर. शेवटचं नसेल तर गिटमधून लॉक फाइल परत आणा, तो एरर पुन्हा उभा करा आणि मग पाठवा. निम्म्या वेळा ते करतानाच प्रश्न सुटतो, तसं झालं तर तेही कळवा, बरं वाटतं.

आमच्या प्रोजेक्टचं म्हणाल तर नोड २० वर सगळं सुरळीत आहे, एनव्हीएमआरसीत आता २० आहे. तारखेच्या पॅकेजवरचं ओव्हरराइड अजून तसंच आहे. त्या जागी दुसरं पॅकेज घालायचं तिकीट मुलीने काढलंय, माझ्या नावावर टाकलंय, आणि ते गेले तीन स्प्रिंट (कामाचे टप्पे) पुढे ढकललं जातंय.